आंबटाचा पहारा

‘आंबट घातले की अन्न टिकते’ हे आपण सगळ्यांनी घरी ऐकलेले आहे. पण कोणते आंबट, किती आणि कशाला, एवढे विचारल्याशिवाय ते पुढच्या पिढीच्या हाती देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

मालवणकडे माझी आजी बांगड्याची कढी मातीच्या मडक्यात, भरपूर आमसुले घालून करीत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर आम्हाला वाढीत असे. गोव्यात तिला ‘काल्ची कोडी’ म्हणतात, आणि ती ताज्या कढीपेक्षा चविष्ट लागते हे या सभागृहात सिद्ध करण्याची गरज नाही. आम्ही नातवंडांनी त्यातले आमसूल तेवढे लक्षात ठेवले. निजण्यापूर्वी ती कढीला पुन्हा खळखळून उकळी आणायची, मग आत पळी घालू द्यायची नाही आणि पहाटे पुन्हा उकळायची, हे मात्र आम्ही विसरलो.

या विसरण्याची किंमत मी पाहिली आहे. आमच्याच नात्यातल्या एका घरी प्रवासासाठी केलेला चिंचेचा भात गरम असतानाच डब्यात दाबून भरला आणि आठ-नऊ तासांनी आगगाडीत खाल्ला. रात्री चौघांना उलट्या सुरू झाल्या, तरी ‘चिंच होती ना त्यात!’ हेच सगळे म्हणत राहिले. शिजवूनही तग धरणारे बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त रूपे, भातात असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. कोळ नीट न कालवलेल्या भातात तर आंबटपणा न पोचलेली शितेच अधिक.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कोणते आंबट, किती आणि कशाला, हा कबूल केलेला मुख्य भाग आता थोडक्यात सांगतो. पीएच म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. तो 4.6 किंवा त्याहून कमी असेल, तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकत नाही. चार आमसुलांनी मोठे पातेले तिथवर उतरेलच असे नाही. सारख्याच पीएचला व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल लिंबातल्या सायट्रिक आम्लापेक्षा सहसा अधिक परिणामकारक ठरते, कारण त्याचे अविघटित, म्हणजे न तुटता अख्खे राहिलेले, रेणू जंतूच्या पेशीत शिरून आतला आंबटपणा वाढवतात. पोर्तुगिजांच्या वाइन-लसणीतल्या मांसाचे गोव्यात विंदालू झाले तेव्हा वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली, आणि त्या दमट हवेत ती निवड फार शहाणपणाची होती. प्रवासाच्या भातात दूध आणि चमचाभर विरजण घालतात, तिथे लॅक्टिक आम्ल हळूहळू तयार होते. मात्र भात आधी पसरून पूर्ण निववलेला हवा. आंबट पदार्थाला भांडे काचेचे, चिनीमातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेत आमसूल पडले, तर तांबे अन्नात उतरते.