कानांनी बघायचे मराठी सिनेमे

नमस्कार मंडळी. आज सिनेमांवर बोलायचंय, आणि रेडिओवरून बोलायचं म्हणजे तुम्हाला एकही सीन दाखवता येत नाही. तर म्हटलं चला, आज कॅमेरा, लोकेशन, कपडे हे सगळं बाजूला ठेवू आणि फक्त कानावर काय पडतं तेवढ्यावरच बोलू. परीक्षण लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आठवड्याला दोन-तीन सिनेमे बघणं होतंच, आणि हल्ली मला एका गोष्टीचा खरंच त्रास व्हायला लागलाय, ती म्हणजे आपल्या सिनेमातलं पार्श्वसंगीत गप्प बसतच नाही. आई दारात उभी राहिली की बासरी, मुलगा गाव सोडून निघाला की व्हायोलिन, नवरा-बायको भांडले की पियानोचे तीन सूर, अरे बाबांनो आम्हाला कळतंय की ती दुःखी आहे, तुम्ही एवढी चांगली अभिनेत्री घेतलीय ना, मग तिला करू द्या की तिचं काम!

आता जुन्यापासून सुरुवात करतो. मराठीतला पहिला बोलपट 1932 चा, प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. तेव्हा नटाला कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलायचं आणि गायचंही तिथल्या तिथेच. पण माझा जीव खरा अडकलाय तो त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या 'संत तुकाराम'मध्ये. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि विष्णुपंत पागनीस स्वतः गातात. त्यांचं गाणं ऐका, कुठेही मैफल जिंकायचा आव नाही, काम करता करता माणूस गुणगुणतो ना तसं ते येतं. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं पद, पण पागनीस ते इतकं सहज गातात की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. आणि गौरीबाईंची जिजाई! तिचा तो कडकडाट, विठोबाला काळ्या म्हणून शिव्या घालणं, तो आवाज नसता तर हा सिनेमा नुसता भक्तीचा गोड गोळा झाला असता. एकीकडे अभंग आणि दुसरीकडे रिकाम्या डब्यांवरून होणारी कटकट, या दोन आवाजांवर अख्खा संसार उभा केलाय. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात हा सिनेमा गाजला याचं मला अजिबात नवल वाटत नाही, मराठी येत नसलं तरी जिजाईचा वैताग कुणालाही कळेल.

मग एकदम सत्तरच्या दशकात येऊ. 'सामना', जब्बार पटेल यांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न आज सिनेमा न बघितलेल्यांनाही माहितीये. पण मला त्या प्रश्नापेक्षा ऐकायला आवडतं ते दोन माणसांचं बोलणं. निळूभाऊ फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव बोलतो तो जागच्या जागी बसून, मालकाच्या आवाजात, समोरचा ऐकणारच हे गृहीत धरून. आणि श्रीराम लागूंचा मास्तर बोलतो तो अडखळत, दारूच्या अमलात, पण शब्द नेमका लागतो. आवाज चढवून भांडण्याचे प्रसंग मोजकेच आहेत. आपल्याकडे आता राजकीय सिनेमा म्हटलं की नेता ओरडणार, त्याच्यामागे ढोल वाजणार आणि स्लो मोशनमध्ये गाड्या येणार. निळूभाऊंनी यातलं काहीएक न करता सत्ता दाखवली. जब्बार पटेलांचाच 'जैत रे जैत' घ्या, तिकडे बरोब्बर उलटं आहे, पंडित हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांचे शब्द सिनेमाभर वाहतात, गाण्यामागून गाणं येतं, पण एकही गाणं उपरं वाटत नाही, कारण ठाकर आदिवासींची गोष्टच तिथे गाण्यातून सांगितलीय. म्हणजे माझं भांडण संगीताशी नाहीये हे लक्षात घ्या. गोष्टीला नको असताना वरून ओतलेल्या संगीताशी आहे.

'नटरंग'बद्दल थोडक्यात सांगतो. अजय-अतुलची गाणी घराघरात पोचली, ती आहेतच झकास, पण माझ्या मते त्या सिनेमात ऐकण्यासारखी गोष्ट अतुल कुलकर्णींचं बोलणं आहे. पैलवानकी करणारा गुणा आणि नाच्या झालेला गुणा, शरीर बदललं त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, ते करायलाच हवं, पण आवाजाची ठेवण कशी बदलते तेही एकदा नीट ऐका.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा, थिएटरात लागला 2014 च्या फेब्रुवारीत. त्यातला एक प्रसंग मी जरा सावकाश सांगतो. गावाने खालच्या जातीचं ठरवलेलं, शाळकरी जब्याचं अख्खं कुटुंब शाळेच्या जवळ डुकराच्या मागे धावतंय, बाप ओरडतोय, आई-बहिणी पळतायत, दोर, काठ्या, चिखल, नुसता कल्ला. डुक्कर आता हाताशी येणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. जब्याचा बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, थकलेला, घामाघूम, तोही ताठ उभा. आणि डुक्कर चालत निघून जातं. आता यात वेगळं संगीत काय लावणार? लावलंच नाही. लांबून येणारा शाळेतल्या पोरांचा आवाज, बास. जे राष्ट्रगीत आपण आयुष्यभर ऐकलंय ते त्या जागी ऐकताना घशाशी काहीतरी येतं, कारण आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात, ही माणसं मान राखतायत आणि त्यांचा मान कुणीच राखत नाहीये. थिएटरात लोक आधी हसतात, मला वाटतं ते हसू दिग्दर्शकाने हिशोबातच धरलेलं असणार, कारण पुढे गावातली पोरं बसून तोच तमाशा बघत टिंगल करतात तेव्हा आपण आधी हसलो होतो हे आपल्याला आठवतं. मराठी सिनेमात आवाजाचा इतका धारदार वापर दुसरा मला तरी आठवत नाही.

तेच मंजुळे 'सैराट'मध्ये काय करतात बघा. 2016 चा एप्रिल, उन्हाळा, आणि गावोगावी झिंगाट. गाण्यांसाठी अजय-अतुलनी थेट लॉस एंजलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. तेव्हा काहीजण म्हणाले की करमाळ्याच्या पोरापोरीच्या प्रेमाला एवढी व्हायोलिनं कशाला. मला ते पटत नाही. परशाला विहिरीत उडी मारताना जगात आपल्यासाठी ऑर्केस्ट्रा वाजतोय असंच वाटत असणार, पहिल्या प्रेमात असंच वाटतं, आणि श्रीमंतांच्या पोरांच्या प्रेमाला व्हायोलिन चालतं मग यांच्या का नाही? शिवाय हा खर्च शेवटी वसूल होतो. कारण दोघं पळून हैदराबादला गेली की ती गाणी मागे पडतात, वस्तीतला संसार सुरू होतो, आणि अगदी शेवटी, त्यांचं लहान मूल चालत बाहेर येतं तेव्हा सिनेमाचा आवाजच काढून घेतलाय. पूर्ण. रडणंसुद्धा ऐकू येत नाही. जो सिनेमा अर्ध्यापर्यंत तुम्हाला खुर्चीवरून उठवून नाचवतो तोच शेवटी तुम्हाला आवाज देत नाही. तिथे करुण आलाप लावला असता तर लोक डोळे पुसून बाहेर पडले असते, इथे लोकांना काय करावं तेच सुचेना. माझी एकच तक्रार आहे, हैदराबादचा भाग मला थोडा लांबलेला वाटतो, दहा-पंधरा मिनिटं कमी चालली असती.

'कोर्ट'चं नाव घेतलं की बरेच जण म्हणतात, अहो फार संथ आहे हो. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा, 2014 ला व्हेनिसला पारितोषिकं मिळाली, इथे 2015 ला लागला. संथ आहे हे खरं, पण एकदा कान देऊन बघा, सतत काहीतरी चाललेलं आहे. हा सिंक साउंडचा सिनेमा आहे, म्हणजे शूटिंगच्या वेळी तिथल्या तिथे टिपलेले संवाद. डबिंगला स्टुडिओत सगळं गुळगुळीत होतं, मागचा पंखा जातो, खुर्चीची करकर जाते, दोन माणसं एकदम बोललेली जातात. 'कोर्ट'मध्ये ते सगळं आहे. साक्षीदार आपल्या भाषेत काहीतरी सांगतो, न्यायाधीश ते ऐकून टायपिस्टला आपल्या शब्दांत सांगतात, अमुक अमुक लिहा, आणि माणसाचं जगणं आपल्या कानादेखत रेकॉर्डची भाषा होऊन जातं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात धडाधडा वाचते, आणि कोर्ट सुटल्यावर तीच बाई लोकलमध्ये घरच्या स्वयंपाकाच्या गोष्टी बोलते तेव्हा तिचा आवाज किती मोकळा होतो! ती वाईट नाहीये हे आपल्याला त्या आवाजावरून कळतं, तसं तोंडाने कुणी सांगत नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये खटल्यातला आरोपी, लोकशाहीर नारायण कांबळेचा पोवाड्याच्या ढंगाचा बुलंद आवाज. ते काम वीरा साथीदार यांनी केलं, ते स्वतः चळवळीतले, 2021 ला गेले, आणि गाण्यांमागे संभाजी भगत. एवढ्या पुटपुटत चालणाऱ्या सिनेमात तो एकच आवाज मोकळा आहे आणि अख्खी यंत्रणा त्या एका आवाजाच्या मागे लागलीय. विषयच तो आहे.

ताम्हाणेंचा पुढचा 'द डिसायपल' मात्र मला थोडा दूरचा वाटला. शास्त्रीय संगीतावरचा सिनेमा, आदित्य मोडक स्वतः गाणारे, त्यामुळे हात वर आणि गळा भलतीकडे असलं खोटं काही नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावरून नायक बाइकवर चाललाय आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, जुनी भाषणं, तो आवाज सुमित्रा भावेंचा, शांत आणि कठोर, हे प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकावेत असे आहेत. पण नायक आणि आपल्यात एक काच राहते, त्याचं गाणं नेमकं कुठे कमी पडतंय हे गाण्यातलं न कळणाऱ्याला समजायला सिनेमा मदत करत नाही. जाणकार म्हणतील की तेच तर हवंय. मला नाही पटलं.

'किल्ला' मी दर पावसाळ्यात बघायला सांगतो. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलं आणि कॅमेराही. त्यामुळे सगळे दिसण्याबद्दल बोलतात, पण किल्ल्यावर पावसात एकटा सापडलेला तो मुलगा आठवा, मित्र सोडून गेलेत, आणि पाऊस नुसता कोसळतोय. कोकणातल्या पावसात मोठ्याने हाक मारली तरी ऐकू जात नाही हे ज्याला माहितीये त्याला तो सीन अंगावर येईल.

2023 च्या 'बाईपण भारी देवा'बद्दल विचारणा खूप होते. बायका ग्रुपने, साड्या नेसून, गॉगल लावून थिएटरात आल्या, ते वातावरण मी अनुभवलंय, त्याला तोड नाही. मंगळागौरीचे खेळ सुरू झाले की पडद्यावरचा आणि थिएटरातला आवाज एक होतो. पण बहिणींच्या भांडणात, मनातलं बोलण्याच्या जागांवर संगीत घाईने येतं. सहा तालमीतल्या अभिनेत्री आहेत हो, दोन क्षण शांतता दिली असती तर त्या जागा अजून वर गेल्या असत्या.

आणि शेवटचा, 2025 चा 'साबर बोंडं', रोहन कानवडे यांचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा पहिला मराठी सिनेमा. वडील गेलेत, मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलाय, नातेवाईक लग्नाचं विचारून हैराण करतायत, आणि तिथे त्याला बालपणीचा मित्र भेटतो. पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही. सुतकातल्या घराचे आवाज आहेत, गावाकडचं अंगण, शेळ्या, बायकांचं हळू बोलणं, आणि दोन पुरुषांमधली माया त्या सगळ्या आवाजांच्या मध्ये, कुणाला कळू नये अशा बेताने बोललेली. हल्लीच्या निर्मात्यांना मला हा सिनेमा बसवून ऐकवायचाय. आपला प्रेक्षक शांततेत कंटाळतो म्हणे, पण मी बघितला त्या खेळाला कुणी मोबाइल काढला नाही.

तर घरी बघणार असाल तर टीव्हीच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, आणि सुरुवात 'फँड्री'पासून करा. पुढच्या आठवड्यात मराठी सिनेमातल्या बोलीवर बोलू, करमाळ्याची, मालवणी, वऱ्हाडी, कोण खरी बोलतं आणि कोण नक्कल करतं ते. नमस्कार.