मधेच टाकता येणारं काम

(नाशिकला सिडकोतल्या एका महिला मंडळात दुपारी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बसा, बसा. ज्यांच्या मांडीवर बाळं आहेत त्यांनी दाराजवळच बसा, म्हणजे उठावं लागलं तर सगळ्यांच्या पायांतून वाट काढायला नको. मूल रडलं तर रडू द्या. विषयच तो आहे.

मला निरोप आला तो असा, की बाळ सांभाळत घरच्या घरी करायच्या हस्तकलेवर बोला. मी हो म्हटलं आणि मग घाबरले. मी कलाकार नाही. माझ्या हातची वस्तू बघून लोक 'वा' म्हणत नाहीत, 'तू केलंस?' म्हणतात. पण लेक लहान असताना मी जे जे करायला घेतलं त्यातलं निम्मं फसलं, आणि ते का फसलं हे मला आता नीट कळलंय. तेवढंच माझं भांडवल.

लेक २०१३ची. तेव्हा कायद्यानं बाळंतपणाची रजा बारा आठवडे असायची. सव्वीस झाली ती २०१७ साली. बारा आठवड्यांच्या बाळाला सोडून जायला माझा पाय निघेना, मी घरी राहिले. नवरा अंबडला कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. दोन खोल्या, एक पाळणा आणि मी. दिवसभर हात कामात असायचे, पण संध्याकाळी आज काय केलं म्हणून दाखवायला एक वस्तू नसायची. लंगोट धुतले, वाळले, परत ओले झाले. ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणते ते समजेल.

म्हणून एक दिवस बाळाला शेजारच्या काकूंकडे ठेवून मेन रोडला गेले आणि क्विलिंगच्या कागदी पट्ट्या आणि ग्लू गन घेऊन आले. मोठ्या उत्साहात. आता क्विलिंग काय असतं? पट्टी गुंडाळायची, टोकाला डिंक लावायचा आणि तो धरेपर्यंत चिमटीत दाबून ठेवायची. अर्धा मिनिट. बाळ अर्धा मिनिट देत नाही हो! चिमूट सोडली की गुंडाळी भसकन उलगडायची. वर त्या रंगीत पट्ट्या रांगत्या मुलाला खाऊच वाटतात. ग्लू गनचं तर विचारू नका. तिचं टोक दोनशे अंशांच्या आसपास तापतं, बटण बंद केलं तरी बराच वेळ गरम राहतं, आणि वायर नेमकी बाळाच्या हाताच्या उंचीवर लोंबते. दोन आठवड्यांत ती माळ्यावर गेली. अजून तिथेच आहे.

त्याच सुमारास सासूबाई सिन्नरहून आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. येताना जुन्या लुगड्यांचं एक गाठोडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरीला दुपटी नाहीत का घरात? विकतची घातलीस?" मी विकतची घातली होती. बाईंनी ती बाजूला सारली आणि लुगडं फाडायला घेतलं.

जुनंच कापड का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं, नंतर समजलं. नव्या सुती कापडाला खळ असते. ते पाणी लवकर शोषत नाही, आणि तान्ह्या कातडीला खरखरीत लागतं. पन्नास-शंभर धुण्यांतून गेलेल्या लुगड्याची खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं. ते ओलही धरतं आणि लवकर वाळतंही. तीन पदर एकावर एक अंथरायचे, कडा आत मुडपायच्या, मोठमोठ्या टाक्यांनी चारी बाजू कच्च्या करून घ्यायच्या आणि मग कडेकडेनं आत धावदोरा घालत यायचं. बस्स. यात मला न येणारं काहीच नव्हतं.

पण मी बघत राहिले ते वेगळ्याच गोष्टीकडे. बाई शिवत असताना दूध उतू आलं. त्यांनी सुई कापडात टोचली आणि उठल्या. बाळ रडलं, सुई टोचली, उठल्या. दाराशी भाजीवाला ओरडला, तेच. तासाभरात त्या पाच वेळा तरी उठल्या असतील. आणि दर वेळी परत येऊन बसल्या की सुई ओढायची आणि पुढचा टाका. कुठवर आलो होतो, हे शोधणं नाही, काही बिघडणं नाही, चिडचिड नाही. मी मात्र क्विलिंगच्या एका फुलासाठी दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला होता.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. घरात तान्हं मूल असताना काम निवडताना 'हे किती सुंदर होईल' हे बघू नका. हे कुठल्याही क्षणी हातातून टाकता येईल का, ते बघा. आपल्या आज्यांची जी कामं पाळण्याशेजारी टिकली, ती गोधडी, दुपटं, क्रोशा, वाती वळणं, गव्हले-शेवया, ती सगळी या एका चाळणीतून गाळून आलेली आहेत. ज्या कामाला सलग दोन तास लागतात ते बाळंतिणीच्या खोलीत टिकलंच नसणार.

हे मला सुचलं म्हणून मी फार खूश होते. मग वाचनात आलं की जुडिथ ब्राऊन नावाच्या एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० सालीच हे लिहून ठेवलंय. वेगवेगळ्या समाजांत कुठली कामं बायकांकडे आली, याचा त्यांनी विचार केला. मुलं सांभाळता सांभाळता होतील अशी. फार एकाग्रता न लागणारी, तोडून परत जोडता येणारी, मुलाला धोका नसलेली, घरापासून फार लांब नसलेली. बाईंना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सांगायला अमेरिका कशाला लागती?"

आता क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम, यातला फरक बघा, कारण बऱ्याच जणी इथेच चुकतात. दोन सुयांवर विणताना अख्खी ओळ सुईवर जिवंत असते. पन्नास टाके असतील तर पन्नास. पोरानं सुई ओढली की ते पन्नासच्या पन्नास मोकळे. क्रोशाच्या हुकावर एका वेळी एकच फास जिवंत असतो. तो जरा लांब ओढून ठेवा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवा, आणि खुशाल उठा. त्यामुळे टोपरं विणायचं तर क्रोशानं. स्वेटर आजीकडे सोपवा, तिच्याकडे दुपारी वेळ असतो. शिलाई मशीनचं म्हणाल, तर मशीन वाईट नाही, पण त्याला दोन्ही हात लागतात, पाय लागतो, आवाजानं झोप मोडते, आणि रांगणारं मूल चाकाच्या पट्ट्याशी जातंच जातं. ते मूल बालवाडीत जाईपर्यंत झाकून ठेवा. मातीचं काम मात्र यात बसतं, हे ऐकून आश्चर्य वाटेल. शाडूवर ओलं फडकं टाकलं की ती तुमची दिवसभर वाट बघते. कागदाचा लगदाही. जुने पेपर भिजवून कुटायचे, त्यात मेथीचं पीठ घालायचं आणि पातेल्यावर थापून टोपली करायची, हे काहींनी लहानपणी पाहिलं असेल. एक दिवस तसाच राहिला तरी चालतो. दोन दिवस ठेवला तर मात्र वास मारतो, आणि मग घरातली माणसं तुमच्या कलेबद्दल बोलायला लागतात.

नाशिककर म्हणून सरस्वतीबाई फाळके मला नेहमी आठवतात. दादासाहेबांचं नाव सगळे घेतात. १९१३चा तो पहिला चित्रपट तयार होत असताना कोऱ्या फिल्मच्या कडेची भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत, फिल्म धुवायलाही त्या असत, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. घरात लहान मुलं. आता विचार करा, अंधारात फिल्मला भोकं पाडायची. दार उघडलं, उजेड आला, की फिल्म गेली. म्हणजे मधेच टाकता न येणारं काम, आणि बाहेर पोरं! ही मुलं निजल्यावरची गोष्ट असणार, असा माझा आपला अंदाज. त्यांना नमस्कार करावा. त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

आता एक कडू गोष्ट. बाईंच्या बोटांना टाका टाकून परत उचलायची ही सवय कुठून लागली? दुपट्यांतून नाही लागली. सिन्नरला त्यांनी वीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली टेंभुर्णीची पानं, शेजारी मूल. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हेही मधेच टाकता येणारंच काम आहे. एक विडी झाली की उठता येतं. पण मजुरी हजारावर. हजार भरायच्या तर उठायचं किती वेळा? मूल रडलं तर बाई आधी हातातली विडी पुरी करायच्या, मग पुढची, मग तिच्यापुढची. आणि तंबाखूची ती धूळ पोरांच्या नाकातोंडात. माझा नवरा त्या सुपाशेजारी वाढलाय. आपल्या भागात किती घरांत हे झालंय, तुम्हाला मी सांगायला नको. घरबसल्या हाताचं काम म्हटलं की सगळे गोड बोलतात. मला पहिल्यांदा ते सूप आठवतं.

म्हणून मगाशी चहाच्या वेळी जो प्रश्न आला, "हे विकता येईल का?", त्याचं उत्तर मी जरा बिचकत देते. येईल. मीही विकलं. ओळखीतल्या एकीनं बारशासाठी सहा दुपटी मागितली. तोवर एक दुपटं मला तुकड्या-तुकड्यानं दहा-अकरा दिवस पुरायचं, आणि मजा वाटायची. सहा दुपटी, तीन आठवड्यांत. झालं! लेक रडायची आणि मी म्हणायचे, "थांब गं, एवढी ओळ." एक दिवस बाईंनी ते ऐकलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ती सहा पुरी करून दिली, पुढची ऑर्डर घेतली नाही. तुम्ही घ्या, पैसा लागतो, मला कळतं. फक्त तारीख कबूल करू नका. 'झालं की सांगते' एवढंच म्हणा. आणि खेळणी विकणार असाल तर एक लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. सरकारच्या हस्तकला खात्याकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. दुपटी-टोपरी यांना हा नियम लागत नाही, ती खेळणी नव्हेत.

खेळण्यांवरून आठवलं, सुरक्षिततेचं बोललंच पाहिजे. पाळण्यावरचं चिमणाळं. आपल्याकडे ते रंगीबेरंगी करतात आणि छान उंच टांगतात. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा असतो तेवढं अंतर. रंगांपेक्षा आधी काळं-पांढरं उठून दिसतं. तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काळ्या शाईनं जाड पट्टे, चौकटी, गोल काढा आणि हातात धरून दाखवा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. माझ्या हातून झालेली सगळ्यात यशस्वी कलाकृती हीच. चिमणाळं नंतर टांगा, आणि बाळ हातांवर रेटून उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की काढून ठेवा. दोरीत हात, मान काहीही अडकू शकतं.

खुळखुळा करणार असाल तर आत गुंजा अजिबात नकोत. लाल, काळ्या ठिपक्याच्या, दिसायला इतक्या गोड. एकेकाळी सराफ त्यांनी सोनं तोलायचे. पण ते बी विषारी आहे, फुटून पोटात गेलं तर जिवावर बेततं. आणि कुठलीही वस्तू बाळाच्या हातात देण्याआधी मोजा. सव्वा इंच व्यासाच्या नळीतून जी आरपार जाते, ती घशातही जाऊ शकते. मणी, बटणं, टिकल्या, हलव्याचे दाणेसुद्धा. बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घाला, हौस आहे, मीही घातले. पण फोटो झाला की उतरवा, आणि खाली सांडलेला प्रत्येक दाणा वेचा.

विणलेले मोजे, हातमोजे घालण्याआधी उलटे करून बघा. आत सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो, रक्त थांबतं आणि बोट काळंनिळं पडतं. आईचा गळलेला केसही हे करतो. बाळ उगाच रडतंय, भूक नाही, पोट दुखत नाही, तर आधी पायाची बोटं बघायची.

आणि मोहरीची उशी. हं, इथे कुजबुज होणार हे मला माहीत होतं. डोकं गोल व्हावं म्हणून आपण करतो, बाईंनीही केली होती, वर नक्षीकाम होतं. आता डॉक्टर सांगतात की पहिलं वर्षभर झोपताना बाळाजवळ उशी नको, सैल पांघरूण नको, मऊ खेळणं नको. श्वास अडकायची भीती असते. मी ती उशी बाईंसमोर काढू शकले नाही. रात्री काढायचे आणि सकाळी परत ठेवायचे. आठव्या दिवशी बाईच म्हणाल्या, "ती उशी तुझ्या मानेखाली घे, तुझीच मान अवघडती पाजताना." तर दुपटं अंगाखाली घाला, मांडीवर घ्या, झोपेत अंगावर नको. एवढं पाळलं तर बाकी हौसेला मोकळं रान आहे.

माझं झालं. मागच्या टेबलावर आमच्या घरची दुपटी ठेवली आहेत, हात लावून बघा, उलटी करून टाके बघा. माझे वाकडे आहेत, बाईंचे सरळ, लगेच ओळखू येतील. फक्त ते निळं उलगडताना सांभाळून. ते २०१४च्या उन्हाळ्यात घेतलं होतं. लेक उठली म्हणून टाकलं, आणि त्याला सुई अजून टोचलेली आहे.