सॉफ्टवेअर फाइल घेत नाही तेव्हा

नमस्कार. मघाशी वाचनालयाचा जिना चढताना एका काकांनी मला थांबवलं. हातात सीडीचं पाकीट, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'ताईचं लग्न, भाग 2'. म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरवर लावली की चालते. पण नातवाने एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय, त्यात ओढली की घेतच नाही. खराब झाली का?" काका तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची सीडी आपण शेवटी लावणार आहोत. पण तिथवर जायच्या आधी 'घेत नाही' म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ.

फाइलच्या नावाच्या शेवटी एव्हीआय, एमओव्ही, एमपी4, एमकेव्ही, व्हीओबी असं काहीतरी असतं आणि त्यालाच आपण फॉरमॅट म्हणतो. प्रत्यक्षात ते डब्याचं नाव आहे. आत कुठली भाजी आहे ते त्यावरून कळत नाही. आतलं चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्याच पद्धतीने. या दाबून भरण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एव्हीआय 1992 मध्ये आणलं. तेव्हापासून त्या एकाच नावाच्या डब्यात डीव्ही, एक्सव्हिड, मोशन जेपेग असं काय काय भरलं गेलंय. म्हणून शेजाऱ्याची एव्हीआय चालली तरी तुमची चालेलच असं नाही.

सॉफ्टवेअर नाही म्हणतं तेव्हा कधी त्याला डबाच उघडता येत नाही. कधी डबा उघडतो, पण आतलं चित्र ओळखता येत नाही. आणि कधी चित्र येतं पण आवाजाची पट्टी रिकामी राहते. डीव्हीडीवर किंवा 2006 नंतरच्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइलमध्ये आवाज बऱ्याचदा डॉल्बीचा एसी-3 असतो, जुन्या मोबाइलच्या 3जीपीमध्ये एएमआर असतो, आणि सगळी सॉफ्टवेअर ते वाचत नाहीत. या तिन्ही दुखण्यांवर औषध वेगवेगळं आहे. बाजारातला कन्व्हर्टर, म्हणजे फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर, मात्र तिन्हींवर एकच गोळी देतो: सगळं उघडायचं आणि नव्याने दाबायचं.

आता कोणीतरी विचारेलच, की व्हीएलसी प्लेअरमध्ये तर सगळं चालतं, मग एडिटिंगवाल्यांना काय होतं? व्हीएलसी 1996 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलं. ते सगळे कोडेक स्वतःबरोबर घेऊन येतं, तुमच्या विंडोजवर विसंबत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्लेअरला फक्त पुढे जायचं असतं. एडिटरला कुठल्याही क्षणावर उडी मारायची असते, एक फ्रेम, म्हणजे एक सुटं चित्र, मागे, तीन फ्रेम पुढे. आणि आपल्या बहुतेक फाइलींमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसतेच. डीव्हीडीत बहुधा 12 ते 15 फ्रेमांमागे एक अख्खं चित्र असतं, मधल्या फ्रेमांमध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहिलेलं असतं. मधल्या फ्रेमवर थांबायचं तर सॉफ्टवेअरला मागच्या अख्ख्या चित्रापर्यंत जाऊन, तिथून बेरजा करत पुढे यावं लागतं. हे जमणार नसेल तर काही कंपन्या फाइल घ्यायचीच नाही असं ठरवतात. शिवाय काही कोडेकच्या पेटंटसाठी पैसे मोजावे लागतात. आयफोनने 2017 पासून एचईव्हीसी नावाचा असाच कोडेक वापरायला सुरुवात केली आणि घरोघरी हीच तक्रार आली. विंडोजवर त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून थोडे पैसे देऊन वेगळा जोड घ्यावा लागतो. उलटंही होतं. 2019 मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने जुन्या, 32 बिटच्या सॉफ्टवेअरचा आधार काढून टाकला, आणि त्याबरोबर अ‍ॅपलच्या जुन्या क्विकटाइम प्लेअरच्या जमान्यातले कितीतरी कोडेक गेले. काल चालणारी फाइल एका अपडेटनंतर चालेनाशी झाली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आत काय आहे ते बघणं. मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यावर टाका, डबा कुठला, चित्राचा कोडेक कुठला, आवाजाचा कुठला, फ्रेम किती आणि त्या एकसारख्या आहेत की कमीजास्त, सगळं लिहून येतं. दोन मिनिटांचं काम. माझी कळकळीची विनंती आहे, हे केल्याशिवाय कुठल्याही कन्व्हर्टरला हात लावू नका. आणि घरच्या बारशाचे, पूजेचे व्हिडिओ कुठल्या अनोळखी वेबसाइटवर चढवून तर मुळीच बदलून घेऊ नका. लहान मुलांचे चेहरे असतात त्यात.

मीडियाइन्फोने सांगितलं की आत चित्र एच.264 आणि आवाज एएसी आहे, म्हणजे दोन्ही ओळखीचे कोडेक, फक्त डबा एमकेव्ही आहे, तर तुमचं काम जवळजवळ झालंच. भाजीला हात न लावता ती एमपी4च्या डब्यात ओतायची. याला रीमक्स म्हणतात. लॉसलेसकट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे माउसने होतं. ज्यांना टाइप करून आज्ञा द्यायला आवडतं त्यांच्यासाठी एफएफएमपेग आहे, फाब्रिस बेलार्ड यांनी 2000 साली सुरू केलेलं. त्यात कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहायचं. तासाभराची फाइल मिनिटाभरात बदलते, आणि चित्राचा एक ठिपकाही हलत नाही. फक्त आवाज अडत असेल तर चित्र 'कॉपी' ठेवायचं आणि आवाज तेवढा बदलायचा. हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर चांगला आहे, मीही वापरते, पण ते चित्र नेहमी नव्याने दाबतं. डबा बदलण्यापुरतं काम असेल तर ते नको.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते सांगते.

2010 मध्ये माझ्या आईची साठी झाली. गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत मांडव, आणि मामाने नवा हँडीकॅम आणलेला. फुल एचडी, 1920 बाय 1080. आईला साठ दिव्यांनी ओवाळलं. आत्याने ताट धरलंय, दिव्यांचा उजेड आईच्या चष्म्यावर पडलाय, ते मामाने अगदी जवळून घेतलं होतं. माझ्याकडे विंडोज एक्सपी होतं आणि त्यातलं एडिटिंगचं मूव्ही मेकर. ते एमटीएस फाइल घेईना. मी कुठूनसा एक कन्व्हर्टर उतरवला, त्याने सुचवलेलं सेटिंग तसंच ठेवलं आणि सगळ्याची डब्ल्यूएमव्ही केली. 320 बाय 240. मूव्ही मेकरने घेतली, मी गाणं लावलं, नावं टाकली, सगळ्यांना सीडी वाटल्या. आणि कार्ड महाग होतं म्हणून पुसून मामाला परत दिलं.

आई आता नाही. ती फाइल मी आजच्या टीव्हीवर लावते तेव्हा ताटाच्या जागी एक पिवळा डाग दिसतो. साठातला एकही दिवा वेगळा मोजता येत नाही. 1080 ओळींचं चित्र होतं, मी त्याच्या 240 ओळी केल्या, आणि गेलेल्या ओळी जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. मूव्ही मेकरला मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2017 मध्ये निरोप दिला. ज्याच्यासाठी मी मूळ फाइल घालवली, ते सॉफ्टवेअर सात वर्षंही टिकलं नाही.

म्हणून एडिटिंगसाठी जी प्रत कराल ती कामापुरती. मूळ फाइल जशी आली तशी वेगळ्या डिस्कवर. हँडीकॅमच्या कार्डवरून एकेक एमटीएस उचलू नका, कार्डवरचं सगळं फोल्डर उचला. लांबलचक शॉट कॅमेरा स्वतःच तुकड्यांत तोडून ठेवतो आणि ते तुकडे जोडायची माहिती त्या फोल्डरमध्येच असते.

नव्याने दाबावं लागलंच, म्हणजे कोडेकच अनोळखी असेल, तर मूळ चित्राची मापं बदलू नका आणि जागेत कंजुषी करू नका. प्रोरेस किंवा डीएनएक्ससारख्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम अख्खी असते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही कात्री झरझर चालते. जागा मात्र खूप लागते. फुल एचडीचा एक तास प्रोरेस 422 मध्ये साधारण 55 जीबी होतो. काम संपलं की ही प्रत पुसा, मूळ फाइल आहेच.

आता मोबाइलबद्दल, कारण इथली अर्धी मंडळी त्याच त्रासातून गेली असणार. गेल्या विसर्जनाला एका मुलाने चौपाटीवर ढोलपथकाचं वीस मिनिटांचं सलग शूटिंग केलं. संध्याकाळ उतरत होती. सॉफ्टवेअरने फाइल घेतली, तक्रार नाही. पहिल्या मिनिटाला टिपरू ढोलावर पडतं तेव्हाच ठोका ऐकू येतो. अठराव्या मिनिटाला टिपरू वर उचललेलं असताना ठोका ऐकू येतो. त्याला वाटलं मोबाइलचा माइक बिघडला. झालं होतं असं, की उजेड कमी झाला की मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, म्हणजे सेकंदाला 30 ऐवजी कधी 24, कधी त्याहून कमी. मीडियाइन्फोमध्ये तिथे 'व्हेरिएबल' लिहून येतं. आवाज आपल्या गतीने नीट चाललेला असतो. सॉफ्टवेअर धरून चालतं की फ्रेम एकसारख्या आहेत, आणि चित्र-आवाजातलं अंतर वाढत जातं. इथे हँडब्रेक कामाला येतं: त्यात फ्रेमचा दर 'कॉन्स्टंट' करून प्रत काढायची आणि एडिटिंगला ती घ्यायची. शॉटकट नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर तर अशी फाइल दिसली की स्वतःहूनच विचारतं, एडिटिंगला सोयीची करून देऊ का. हो म्हणा.

डीव्हीडीचं थोडक्यात. त्यात व्हीओबी फाइल असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 1 जीबीच्या. म्हणजे मंगलाष्टकाच्या मधोमध एक संपते आणि दुसरी सुरू होते. त्या सुट्या घेऊ नका, आधी एकत्र जोडून घ्या. आपल्याकडची डीव्हीडी 720 बाय 576 असते, पण तिचे ठिपके चौकोनी नसतात. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही तर माणसं चिंचोळी दिसतात. आणि तिच्यावरचं शूटिंग बहुधा इंटरलेस्ड असतं, सेकंदाला 50 अर्धी चित्रं, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम. अक्षता टाकणारा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. ते दाते आधी काढायचे, म्हणजे डीइंटरलेस करायचं, आणि मगच आकार बदलायचा. आधी आकार बदलला की ते दाते चित्रात कायमचे मुरतात. आमच्या भागातल्या एका दुकानाने माझ्या चुलतभावाच्या लग्नाची डीव्हीडी अशीच 'एचडी करून' दिली. वहिनीच्या हातातला हिरवा चुडा सगळा रेघारेघांचा झाला. मूळ डीव्हीडी घरात होती म्हणून निभावलं.

राहिली काकांची सीडी. 2000 च्या आसपासची लग्नं बरीचशी व्हिडिओ सीडीवर आहेत. तीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एक डीएटी फाइल. आत साधं एमपेग-1 आहे, 352 बाय 288. हा कोडेक आज जवळजवळ सगळ्यांना कळतो, अडतं ते फक्त डीएटी नावाच्या डब्यावर. पण एक धोका आहे. एका सीडीवर 74 मिनिटं बसावीत म्हणून या फाइलीत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. डेटाच्या सीडीवर ओरखडा पडला तर ड्राइव्ह तो भरून काढू शकतो, इथे तो थेट चित्रात उमटतो. आणि आपल्या मुंबईचा पावसाळा माहीत आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या पाकिटांना दरवर्षी बुरशी धरते. तेव्हा ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी एडिटिंग जमेल तेव्हा करा, पण त्यांची प्रत या महिन्यात काढा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर लागणारा लॅमिंग्टन रोडला मिळतो. एकाच ड्राइव्हने सीडी वाचली नाही तर दुसऱ्यात घालून बघा. ड्राइव्ह बदलला की वाचली, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

काका, या पुढे. सीडी कडेने धरा, तशीच. आधी मी ती मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी पुसते, गोल गोल कधीही नाही. आता ही आत गेली. फोल्डर दिसतंय, फाइल 600 एमबीच्या वर आहे. आत्ता काहीही बदलायचं नाही, नुसती लॅपटॉपवर उतरवून घेऊ. वेळ लागेल, मध्ये ड्राइव्ह अडखळल्याचा आवाज येईल, घाबरू नका. उतरली की एमपेगच्या डब्यात ओतू आणि मग नातवाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकू. दिवे जरा मंद करता का कोणी? ताई कशा दिसत होत्या ते सगळ्यांना बघू दे.