व्हीलचेअरवरचं टेबल टेनिस: डाव समजून घ्या, मग करिअर समजेल

राम राम मंडळी!

कोल्हापूरचा माणूस खेळाच्या बाबतीत लय चोखंदळ. खासबागेत कुस्ती झाली की पट कसा काढला, पकड कुठं सुटली यावर रात्रभर काथ्याकूट. शाहू स्टेडियमवर मॅच संपते, पण गोल ऑफसाइड होता का यावरचा वाद दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सुरूच असतो. आणि पॅरा खेळाडूचा विषय निघाला की हाच माणूस म्हणतो, "काय जिद्द आहे बघा!" बस्स, तिथंच विषय संपला. डाव कसा टाकला, गुण कसा काढला, कुणी विचारतच नाही. मला हे मनापासून खटकतं. म्हणून आज जिद्द बाजूला ठेवू आणि खेळ बघू. व्हीलचेअरवरचं टेबल टेनिस.

(पडद्यावर: टेबल वरून दिसतंय)

टेबल तेच. 2.74 मीटर लांब, 1.525 मीटर रुंद, 76 सेंटीमीटर उंच. जाळी तीच, चेंडू तोच, 11 गुणांचा गेमही तोच. फरक सुरू होतो सर्व्हिसपासून. सिंगल्समध्ये सर्व्हिसचा चेंडू समोरच्याच्या बाजूला टप्पा पडून टेबलाच्या मागच्या कडेवरून गेला पाहिजे. तो बाजूच्या कडेवरून निसटला, फिरकीनं उलटा जाळीकडे आला किंवा तिथंच थांबला, तर लेट. सर्व्हिस परत करायची.

आता गंमत बघा. ही अट फक्त सर्व्हिसला आहे. एकदा रॅली सुरू झाली की जाळीला चिकटून टाका, बाजूला तिरका काढा, सगळं चालतं. उभा खेळाडू दोन पावलं टाकून तिथं पोचेल. खुर्चीतला कसा पोचणार? हात पुरतो तेवढंच त्याचं राज्य. त्यामुळं सगळं डोकं लागतं ते समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेरची जागा हेरण्यात. एक चेंडू खोल, अंगावर. तो मागं रेलला की पुढचा हळूच जाळीपाशी, तिरका. मॅच लावाल तेव्हा चेंडूच्या मागं धावू नका, मोकळ्या हाताकडं बघा. ज्याला कमरेच्या वरचं धड सावरता येत नाही, तो खेळाडू पुढं झेपावताना दुसऱ्या हातानं चाक नाहीतर खुर्ची घट्ट धरतो आणि त्याच हातानं स्वतःला मागं ओढून घेतो. पुढचा फटका यायच्या आत! हे ओढून घेणं अर्धा क्षण उशिरा झालं की गुण गेला. समोरचा नेमका तेवढ्याचीच वाट बघत असतो.

आता गटांचं. एकूण 11 क्लास. 1 ते 5 खुर्चीतले, 6 ते 10 उभ्यानं खेळणारे, आणि 11 वा बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा. खुर्चीतले आणि उभे, या दोन्ही गटांत आपापल्यात आकडा जितका लहान तितकी शरीराची मर्यादा जास्त. 57 किलोचा पैलवान 125 किलोवाल्याशी लावत नाहीत, तसंच हे. क्लास 1 आणि 2 मध्ये खेळणाऱ्या हातातही ताकद कमी असते, म्हणून बरेच जण बॅट हाताला पट्टीनं बांधून घेतात. क्लास 3 मध्ये हात चांगले, पण धडावर ताबा नाही. क्लास 5 मध्ये धडाची हालचाल जवळपास पूर्ण. उभ्यांच्या गटात इजिप्तचा इब्राहिम हमदतो आहे, दोन्ही हात नाहीत, बॅट दातात धरतो आणि चेंडू पायानं उडवतो. पोलंडची नतालिया पार्तिका क्लास 10 मधली, 2008 पासून ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही खेळली.

मुद्दा असा की अपंगत्वाच्या सरकारी दाखल्यावरची टक्केवारी वेगळी आणि खेळातला क्लास वेगळा. आपल्या सीपीआर सरकारी दवाखान्यातून दाखला आणला, 40 टक्क्यांच्या वर निघाला, अपंगत्वाचं यूडीआयडी ओळखपत्र आलं, म्हणजे क्लास ठरला असं नाही. तो ठरवतात प्रशिक्षित क्लासिफायर, अंगाची तपासणी करून आणि खेळताना बघून. क्लास पक्का होत नाही तोवर पुन्हा तपासणी होऊ शकते. एका क्लासचा फरक पडला की समोरचे सगळे प्रतिस्पर्धी बदलतात. करिअरचा पहिला मोठा टप्पा हा आहे, पदक नंतर.

आता एक करिअर नीट बघू. भाविना पटेल. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं सुंधिया गाव. वर्षाची असताना पोलिओ. अहमदाबादला ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये कॉम्प्युटर शिकायला गेली आणि तिथं टेबल टेनिस हाती लागलं. क्लास 4. 2011 मध्ये थायलंडच्या स्पर्धेत रौप्य मिळवून जागतिक क्रमवारीत दुसरी आली. 2013 मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत रौप्य. आणि पॅरालिंपिकचं पदक? 2021. मधली वर्षं मोजा. प्रवास, क्रमवारी, हार, परत सराव. खेळाडूचं खरं आयुष्य त्या वर्षांत आहे, आणि त्या वर्षांत टीव्हीवर कुणी नसतं.

टोकियोत तर सुरुवातच पराभवानं. गटातल्या पहिल्या सामन्यात चीनच्या झोऊ यिंगकडून तीन सरळ गेम हरली. मग सावरली. उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाच्या बोरिस्लाव्हा पेरिच रांकोविचला, रिओच्या सुवर्णविजेतीला, 3-0 नं घालवलं. उपांत्य फेरीत समोर चीनची झांग मियाओ. तिच्याशी याआधीचे सगळे अकरा सामने भाविना हरली होती. आता स्कोअर ऐका: 7-11, 11-7, 11-4, 9-11, 11-8. पहिला गेम गेल्यावर आणि चौथा निसटल्यावर, जिच्याशी कधीच जिंकलो नाही तिच्यासमोर पाचवा गेम काढायचा! माझ्या मते भारतीय टेबल टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या सामन्यांपैकी हा एक. 29 ऑगस्टला, आपल्या राष्ट्रीय क्रीडा दिनी, अंतिम सामना पुन्हा झोऊ यिंगशी. रौप्य. टेबल टेनिसमधलं भारताचं पहिलं पॅरालिंपिक पदक. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3 ते 5 क्लास एकत्र होते, तिथं सुवर्ण. पॅरिसला 2024 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत वाट अडवली ती परत झोऊ यिंगनंच.

टोकियोच्या तयारीत तिला सरकारच्या टॉप्स योजनेतून मदत मिळाली. टेबल, चेंडू फेकणारा रोबो, खेळासाठीची खास व्हीलचेअर. दवाखान्यातली खुर्ची आणि ही खुर्ची यांत फार फरक आहे. बसण्याची उंची सेंटीमीटरनं चुकली तरी हाताचा कोन चुकतो.

आणि हा खेळ आपल्या भागाला नवा नाही बरं का. पुण्याला जाताना पेठ नाका लागतो ना? मुरलीकांत पेटकर मूळचे त्या पेठ-इस्लामपूर भागातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी 1968 मध्ये तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले होते! तसं टेबल टेनिस पॅरालिंपिकमध्ये 1960 पासून आहे. ऑलिंपिकमध्ये ते 1988 ला आलं.

कोल्हापुरात पायाही आहे. नसीमा हुरजूक दीदींची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था 1984 पासून इथं उभी आहे. खेलो इंडिया पॅरा गेम्स 2023 मध्ये सुरू झाले, त्यात टेबल टेनिस आहे. 2016 च्या कायद्यानं सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत, म्हणजे खेळताना घर चालवायला एक आधार होऊ शकतो.

अडतंय ते फार साध्या ठिकाणी. पीटीच्या तासाला खुर्चीतल्या पोराच्या हातात गुण लिहायची वही येते. हॉल पहिल्या मजल्यावर. टेबल आहे, पण त्याचे पाय कडेलाच, मग गुडघे आत जाणार कसे? नियमात पाय खेळाडूच्या समोरच्या, म्हणजे टेबलाच्या मागच्या कडेपासून किमान 40 सेंटीमीटर आत असावे लागतात. तेव्हा शाळेसाठी, मंडळासाठी नवीन टेबल घेणार असाल तर दुकानात टेप घेऊन जा आणि हे अंतर स्वतः मोजा. टेबल तळमजल्यावर लावा, मागं खुर्ची वळेल एवढी जागा सोडा, आणि त्या पोराच्या हातातली वही काढून बॅट द्या.