आप्पासाहेबांचे सोबती

(दृश्य: बर्डीची गर्दीची बाजारपेठ, वर टेकडी)

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, खरेदीला आलेल्या माणसाची नजर सहसा वर जात नाही. वर टेकडी आहे, टेकडीवर किल्ला. तो सैन्याच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट, वर्षातून हे तीन दिवस लोकांसाठी उघडतो.

26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी याच जागी नागपूरकर भोसले आणि इंग्रज कंपनी यांची जुंपली. रात्री उशिरापर्यंत तोफा धडधडत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची लहान टेकडी भोसल्यांच्या पगारी अरब सैनिकांनी काबीजसुद्धा केली. पण त्याच दिवशी ती हातची गेली आणि लढाई फिरली. डिसेंबर संपता संपता नागपूर शहरही कंपनीच्या हाती होतं.

राजे होते मुधोजी भोसले, म्हणजे आपले आप्पासाहेब. वय ऐन विशीतलं. कंपनीने आधी त्यांना गादीवर ठेवलं, पण दोनच महिन्यांत रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेन्किन्स याला बाजीराव पेशव्यांशी त्यांचं संधान असल्याचा संशय आला. 15 मार्च 1818 ला आप्पासाहेब कैद झाले. चुलतभाऊ परसोजींच्या खुनाचा आरोपही त्यांच्यावर ठेवला गेला. त्यांना नागपूरपासून दूर, प्रयागच्या किल्ल्यात ठेवायचं ठरलं.

(दृश्य: जबलपूरकडे जाणारा रस्ता, सागाचं रान, मे महिन्याचं ऊन)

वैशाखातल्या नागपूरचं ऊन कसं असतं, ते नागपूरकराला सांगायला नको. त्या उन्हात कैदी राजा आणि त्याला जिंकणाऱ्या कंपनीचे शिपाई एकत्र निघाले. रोजचा मुक्काम एक, विहीर एक. शिपाई बहुतेक उत्तरेकडचे, कंपनीचा पगार घेणारे, पण राजा म्हणजे काय हे घरातून शिकून आलेले. दहा-बारा दिवस एका वाटेने चालताना त्यांच्यातल्या काहींचं मन फिरलं. पैशाचं आमिष होतंच. मला मात्र वाटतं, निव्वळ पैशासाठी माणूस एवढी जोखीम घेत नाही. पकडला गेला तर मरण ठरलेलं होतं.

जबलपूरच्या अलीकडे, रायचूर नावाच्या मुक्कामावर, 13 मेच्या पहाटेपूर्वी आप्पासाहेबांनी शिपायाचा पोशाख अंगावर चढवला आणि पहारा बदलताना शिपायांच्याच रांगेतून ते बाहेर पडले. पलंगावर पांघरुणाखाली उशी होती. पाहणी करणाऱ्याने तंबूत डोकावलं, तेव्हा दोन सेवक खाली मान घालून राजांचे पाय चेपत बसले होते, असं सांगतात. पाय कसले, उशीच ती! मालक किती दूर गेला असेल याचा मनात हिशेब करत ते दोघे शांतपणे उशी दाबत राहिले. राजाबरोबर पहाऱ्यावरचे काही शिपाईही पळाले.

पळून जायचं कुठे? आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात शिरले.

(दृश्य: पचमढीचे कडे, दऱ्या)

विदर्भातल्या गावागावांतून माणसं आजही मोठ्या महादेवाला जातात, ते हेच डोंगर. ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. 1818 मध्ये हा मुलूख गोंड आणि कोरकू ठाकुरांचा होता. आणि भोसल्यांकडे गोंडांचं जुनं येणं होतं. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, बारा वाड्या जोडून. पुढे गोंडांच्या घरात गादीचा तंटा पेटला आणि तो मिटवायला राणीने बोलावलं रघूजी भोसल्यांना. तंटा मिटला, पण राज्य भोसल्यांकडे गेलं. गोंड राजा तनख्यावर नागपुरात राहिला. ते रघूजी म्हणजे आप्पासाहेबांचे पणजोबा.

म्हणजे ज्यांचं राज्य पणजोबांनी घेतलं, त्यांच्याच दारात पणतू उभा होता. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह याने त्याला आत घेतलं. नुसतं लपवलं नाही, गोंड त्याच्या बाजूने लढलेसुद्धा. त्या पावसाळ्यात बैतूल-मुलताईकडे गोंड आणि अरब मिळून कंपनीवर तुटून पडले. कॅप्टन स्पार्क्सची शंभराच्या आसपास शिपायांची तुकडी जुलैत जवळजवळ पुरती कापली गेली. आमच्या शाळेच्या पुस्तकात सीताबर्डीची लढाई दोन ओळींत आटोपली होती. या पावसाळ्याचा उल्लेखही नव्हता. याची मला अजून खंत वाटते.

याच डोंगरात तिसरा सोबती आला, चित्तू पेंढारी. पेंढाऱ्यांनी भोसल्यांची गावंच्या गावं धुऊन नेली होती. 1811 मध्ये तर नागपूरच्या वेशीशी येऊन एक वस्ती जाळली होती. आता राजा आणि लुटारू एकाच फौजेपुढे पळत होते. कंपनीच्या तुकड्या डोंगरात घुसल्या, तसे 1819 च्या सुरुवातीला दोघे मिळून बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगड किल्ल्याकडे निघाले. आप्पासाहेब किल्ल्याच्या आसऱ्याला पोचले. चित्तू बाहेर, जंगलात.

(दृश्य: अशीरगडाचा पायथा, तिन्हीसांज)

एप्रिलमध्ये अशीरगड पडला, पण आप्पासाहेब तिथे सापडले नाहीत. फकिराच्या वेषात पंजाब, मग मंडीचे डोंगर, शेवटी जोधपूर. तिथल्या महामंदिरात त्यांना आसरा मिळाला. 1840 मध्ये ते जोधपुरातच वारले. नागपूर त्यांना पुन्हा दिसलं नाही.

चित्तूला वाघाने खाल्लं. शोध घेणाऱ्यांना आधी त्याचा घोडा दिसला, रानाच्या कडेला चरत असलेला, खोगीर-लगाम तसाच. खोगिरात अडीचशे रुपयांची थैली होती. आणि काही पत्रं. आप्पासाहेबांची, पुढे मोठं बक्षीस देऊ असं वचन देणारी. चित्तूने ती शेवटपर्यंत जवळ बाळगली होती.