आपल्या पणजीचे फोटो आपण काढूया

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीच्या फोटोंना तोटा नाही. फोंतेन्हासमधली पिवळी भिंत आणि तिच्यातली निळी खिडकी, चर्चचा पांढराशुभ्र नागमोडी जिना, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंचे दिवे, मिरामारचा सूर्यास्त, नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सवाचा लाल गालिचा. हे फोटो बहुतेक करून पाहुण्यांनी काढलेले असतात. त्यांनी ते खुशाल काढावेत. आज मला बोलायचं आहे ते आपल्याशी, इथे राहणाऱ्यांशी. आपल्या मोबाइलमध्ये आपलं शहर किती आहे? बारशी आहेत, लग्नं आहेत, चवथीचा गणपती आहे. पण रोज दारात पों पों वाजवत येणारा पदेर, आपला पाववाला, आहे का? पाऊस कोसळत असताना कचेरीच्या दारापर्यंत सोडणारा पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरचा पायलट आहे का? ज्या पुतळ्यासमोरून आपण वर्षानुवर्षं घाईघाईने गेलो, तो पुतळा तरी आहे का?

पुतळ्यापासूनच सुरुवात करूया. जुन्या सचिवालयाला, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याला लागून आबे फारिया उभे आहेत. अंगात लांब झगा, पुढे झुकलेले, दोन्ही हात पसरलेले आणि समोर मागे कलंडत चाललेली एक स्त्री. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये हे शिल्प घडवलं. फारिया हे पाद्री, कांदोळीचे, जन्म 1756 चा. लिस्बन, रोम करत ते पॅरिसला पोचले आणि तिथे 1813 पासून संमोहनावर जाहीर प्रयोग आणि व्याख्यानं देऊ लागले. संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही अद्भुत शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, हे त्यांचं म्हणणं. त्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. पोर्तुगालच्या दरबारी मंडळींसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली आणि वडिलांनी हळूच ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ म्हणून धीर दिला, ही गोष्ट तर गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते.

या शिल्पाचा फोटो काढायचा कसा? धातू काळा आणि मागे लख्ख आभाळ. मोबाइल आभाळ सांभाळायला जातो आणि फारियांचा नुसता काळा आकार उरतो. पडद्यावर पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. त्याहून सोपं म्हणजे ढगाळ दिवशी जा. जुलैतल्या मऊ उजेडात झग्याची चूणन् चूण दिसते, आणि पावसाने ओला झालेला धातू मंद चमकतो. पण एवढं साधलं म्हणजे शिल्पाचं चित्र झालं, शहराचं झालं नाही. थोडे मागे सरका. बेतीच्या फेरीबोटीचा धक्का इथून जवळच आहे. बोटीतून उतरून छत्री सावरत निघालेली एखादी बाई पुतळ्याच्या पसरलेल्या हातांखालून जाईपर्यंत थांबा. ती वर बघणार नाही. रोज बघते ना! तिचं ते न बघणंच मला मोलाचं वाटतं. परक्या गावाचा पाहुणा पुतळ्याकडे तोंड करून उभा राहतो. पणजीकर त्याच्या सावलीतून घराकडे जातो. तो क्षण आपल्यालाच टिपता येईल, कारण केव्हा कोण कुठून जातं हे आपल्यालाच ठाऊक असतं.

हेच काम आपल्याकडे एकाने आयुष्यभर पेनाने केलं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. जन्म 1926 चा, दमणचा. पण घर लोटलीचं. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढत सुटले, तेव्हा आईने त्यांच्या हातात कोरी वही दिली. पुढे ते रोजनिशीच चित्रांत लिहू लागले. आज कोण भेटलं, पाद्री काय म्हणाला, लग्नात कोण कसं नाचलं. त्यात थोर माणसं नव्हती, गावची माणसं होती. 2011 मध्ये ते गेले, पण पणजीच्या मार्केटच्या भिंतींवर त्यांच्या धाटणीची माणसं अजून आहेत. सकाळी तिथे गेलात तर भिंतीवर रंगवलेली गर्दी आणि तिच्यासमोर खरी गर्दी, अशी दोन मार्केटं एका चौकटीत मिळतात.

कला अकादमीतही असंच आहे. कांपालला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या या वास्तूत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओंनी सज्जे आणि सज्ज्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत पहिली घंटा होण्याआधी मागे वळून बघा. खुर्च्यांत आपली मंडळी कुजबुजत असतात, आणि त्यांच्या डोक्यावर चित्रातली मंडळी. प्रयोग सुरू झाला की मात्र फोन खिशात. नटाच्या डोळ्यांसमोर पडदे चमकलेले मला मुळीच सहन होत नाहीत.

आझाद मैदानाशेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर चितारलेले प्रसंग आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइश यांच्या महाकाव्यातले. जॉर्ज कोलासो यांचं ते काम, 1935 चं. मध्यवर्ती ग्रंथालय या इमारतीत होतं तेव्हा तिकडे जाणारे विद्यार्थी त्यांना पाठ टेकून उभे असायचे. फरशांना झिलई असल्यामुळे फ्लॅश मारला की पांढरा डाग उठतो, तेव्हा फ्लॅश बंद करून थोडं तिरकं उभं राहावं.

आता फोंतेन्हासबद्दल. हा वाडा आल्तिनो टेकडीच्या पूर्वेच्या पायथ्याशी, ओरेंच्या खाडीलगत वसला आहे. म्हणून सकाळचं ऊन थेट भिंतींवर येतं आणि दुपार उतरली की टेकडीची सावली पडते. रंग हवे असतील तर सकाळी लवकर जावं. पण उजेडापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी. त्या रंगीत भिंतींच्या आत माणसं राहतात. कुणी आजारी असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. लग्नाआधीच्या फोटोसाठी कपड्यांच्या बॅगा घेऊन लोक परक्याच्या पायऱ्यांवर ठाण मांडतात, खिडकीतून आत डोकावतात. शेवटी तिथल्या रहिवाशांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या. त्या पाट्या मला अगदी रास्त वाटतात. जिथे पाटी आहे तिथे कॅमेरा वर करूच नये. जिथे नाही, तिथे बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसलेल्या आजीला ‘देव बरो दीस दिवूं’ म्हणावं, दोन शब्द बोलावेत आणि मग विचारावं. बरेचदा ती होकार देते. वर घराला शेवटचा रंग कधी काढला, पावसाआधी भिंती झाकायला पूर्वी झावळ्या कशा बांधायचे आणि आता निळं प्लॅस्टिक कसं लावतात, हेही सांगते. नाही म्हणाली तर हसून पुढे जावं.

मासळी बाजारातही तेच. ‘मावशे, फोटो काडूं?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो! आणि काढलेला फोटो तिला नेऊन द्या. स्टुडिओतून एक छापील प्रत काढायला फार पैसे पडत नाहीत. पुढच्या खेपेला तीच तुम्हाला हाक मारेल. करंझाळेच्या किनाऱ्यावर पहाटे रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं ओढतात, तिथे तर मी म्हणेन की आधी दोराला हात लावा. दोन्ही बाजूंनी माणसांची रांग, टाचा वाळूत रुतवून एका ठेक्यात मागे मागे सरकणारी, आणि दोर गुंडाळत बसलेला एखादा म्हातारा. त्याचे हात बघा. खारं पाणी आणि काथ्या यांनी तळव्यांवर चढलेली जाड कातडी, बोटांच्या पेरांवर पडलेल्या चिरा. चेहरा न घेता नुसते ते हात घेतलेत, तरी त्या माणसाचं आयुष्य त्यात येतं. घरी आल्यावर भिंगावरची खार मऊ फडक्याने टिपून काढा, आणि कॅमेरा पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. आपल्या हवेत भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण तरुण मंडळी हल्ली फोटो विकतात, पोस्टकार्डं छापतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प किंवा एखादी इमारत यांचा फोटो काढून तो प्रसिद्ध करायला हरकत नाही. म्हणजे फारियांचा पुतळा झाला, दोनापावलचं बॅरोनेस फॉन लाइस्टनर यांचं पांढरं शिल्प झालं, चिंता नको. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत दिलेली नाही. 2019 मध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने सॉलोमन सोझा यांनी, म्हणजे आपले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या नातवाने, इथल्या भिंतींवर गोमंतकीय माणसांचे भलेमोठे चेहरे रंगवले. असं चित्र छापून विकायचं असेल तर चित्रकाराची परवानगी घ्यावी. कायदा राहू दे बाजूला, ज्याने उन्हात शिडीवर उभं राहून ते काढलं त्याचं नाव फोटोखाली असणं ही साधी माणुसकी आहे.

आणि एक कला अशी आहे, जिच्याखाली कुणाचंच नाव नसतं. नरकासुर. मला विचाराल तर गोव्यातली सगळ्यात मोठी सार्वजनिक कला हीच. दिवाळीच्या आधी कितीतरी दिवस पणजीच्या मळा वाड्यात, सांतिनेजमध्ये, ताळगावात, गावोगावच्या नाक्यांवर मुलं जमतात. कचेरी, कॉलेज, गॅरेज आटोपून रात्री जमतात. लोखंडी सळ्यांचा किंवा बांबूचा सांगाडा, त्यावर सुकं गवत, त्यावर खळीने चिकटवलेले कागदाचे थर. एकजण फक्त नखं करत बसलेला, दुसरा दात. मुखवटा शेवटी चढतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री माणसं गाड्या भरभरून हे नरकासुर बघत फिरतात आणि पहाटे त्यांना आग लावली जाते. सूर्य उगवतो तेव्हा राख उरते आणि घरोघरी कारीट फोडून फोवांची, म्हणजे पोह्यांची ताटं मांडलेली असतात.

त्या रात्रीचे फोटो सगळेच काढतात, उभ्या तयार नरकासुराचे. माझी विनंती आहे, आठवडाभर आधी जा. बिनमुंडक्याचा सांगाडा, त्याच्या पोटात शिरून तार आवळणारा मुलगा, कोपरापर्यंत खळ लागलेले हात, वर टांगलेला एकच बल्ब, चहाचे रिकामे कप. उजेड कमी असतो, तरी फ्लॅश मारू नका. मोबाइल एखाद्या गाडीच्या टपावर टेकवा आणि श्वास धरून बटण दाबा. जाळताना उलटं करा, उजेड कमी करा, नाहीतर ज्वाळा नुसत्या पांढऱ्या येतात. कानठळ्या बसवणारी ती गाणी मला आवडत नाहीत, पण गाण्यांवर रागावून या मुलांच्या हातांकडे पाठ फिरवणं अन्यायाचं होईल. पहाटेपर्यंत जे उरणारच नाही, ते कुणीतरी नीट टिपून ठेवायला हवं, आणि प्रत्येक फोटोबरोबर त्या मुलांची नावं, वाड्याचं नाव, वर्ष लिहून ठेवायला हवं.

नाव, गाव, तारीख. या तीन गोष्टींशिवाय फोटो काही वर्षांतच मुका होतो. मोबाइल तारीख धरून ठेवतो, नाव नाही. म्हणून निवडक फोटो छापा आणि मागे मऊ पेन्सिलीने लिहा. पेनची शाई आपल्या दमट हवेत पाझरून पुढे उमटते. चिकट पानांचे अल्बमही टाळा, त्यात फोटो पिवळे पडतात आणि सोडवायला गेलं की फाटतात.

एक शेवटचं मागणं आहे, घरातल्या मोठ्यांकडे. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्यानंतर पर्वरी-म्हापशाची माणसं कामाला यायची ती फेरीबोटीने. धक्क्यावरच्या रांगा, बोटीत दाटीवाटीने उभे असलेले डबेवाले, शाळकरी मुलं, सायकली. ती वर्षं ज्यांनी नोकरी करत काढली ते आज साठीच्या आसपासचे किंवा पुढचे आहेत. कोसळलेल्या पुलाचे फोटो छापून आले. त्या रांगांचे, त्या बोटीतल्या रोजच्या माणसांचे फोटो कुणाच्या तरी कपाटात, एखाद्या बिस्किटाच्या डब्यात नक्की असतील. ते शोधा. नातवंडांना शेजारी बसवा, चेहऱ्यावर बोट ठेवून हा कोण, ही कोण ते सांगा, आणि त्यांच्याकडून ती नावं मागच्या बाजूला लिहून घ्या.

नमस्कार.