१०० भाग रबर, २ भाग गंधक

भोसरीतील या शेडमध्ये सकाळची पहिली बॅच मिलवर चढते आहे. केरळातून आलेली, धुरावर वाळवून पिंगट झालेली रबराची शीट दोन लोखंडी रोलरांच्या फटीत शिरते. दोन्ही रोलर वेगवेगळ्या गतीने फिरत असल्यामुळे रबर नुसते दाबले न जाता ओढले, फाटले आणि मळले जाते आणि थोड्याच वेळात मऊ पडून पुढच्या रोलरला पट्ट्यासारखे लपेटून बसते.

तराजूवरची ही पांढरी पूड झिंक ऑक्साइडची, मेणासारखे पांढरे दाणे स्टिअरिक ॲसिडचे आणि हे गडद दाणे सिक्स-पीपीडीचे, म्हणजे ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून घालायच्या रसायनाचे. सारे मोजमाप १०० भाग रबराच्या हिशेबाने होते: झिंक ५, स्टिअरिक २ आणि कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक काळी पूड, तब्बल ५०. मोटारींचे सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत. टायरला काळा रंग आणि झीज सोसण्याचे बळ या कार्बनने दिले. तो ओतताना उठणारा ढग खिडकीपर्यंत जातो. मास्क खुंटीला आहे, आणि तो तोंडावर का नाही, हे मे महिन्यात या रोलरांजवळ पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते.

खाली ट्रेमध्ये सांडलेला कार्बन ब्रशने गोळा करून पुन्हा वर टाकला जातो. मिलवाला सुरीने तिरका काप देतो, सुटलेली घडी फटीत परत सोडतो आणि रंग एकसारखा होईपर्यंत हेच करत राहतो.

गंधक सर्वांत शेवटी पडते. गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगले. पण त्या प्रक्रियेला तासन्‌तास लागत. १९०६ मध्ये अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरातील जॉर्ज ओन्सलेगरने ॲनिलीन हे रसायन वापरून तो वेळ घटवला, आणि आज जेमतेम १ भाग एक्सलरेटर, म्हणजे ही प्रक्रिया वेगवान करणारा पदार्थ, तेच काम काही मिनिटांत उरकतो. म्हणूनच रोलर तापू देऊन चालत नाही. माल मिलवरच पकला, तर तो पुन्हा मऊ होत नाही. मिलवाला हाताची मागची बाजू पट्ट्याला लावतो, क्षणभर थांबतो आणि रोलरमधल्या पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा वळसा उघडतो.

रबर उद्योगातील कामाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केली आहे, आणि टायरच्या झिजेतून सुटणाऱ्या सिक्स-पीपीडीपासून बनणारे क्विनोन नावाचे रसायन अमेरिकेतील सिएटल परिसरात कोहो सामन मासे मारते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले.

शिफ्ट सुटली आहे. नळाखालून वाहणारे हे काळे पाणी तिसऱ्यांदा साबण लावल्यानंतरचे आहे.